बहिणीचं नाव सातबाऱ्यावर : हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी हे समजून घ्या

वडील गेले की तेराव्यानंतर घरात एक विषय निघतोच. वारस नोंद. मग कुणीतरी म्हणतं, "ताईची सही घेऊन टाका, नंतर कटकट नको." ताई माहेरी आलेली असते, मन भरून आलेलं असतं. दुय्यम निबंधक कार्यालयात गाडी जाते, अंगठा उठतो, फोटो निघतो. तासाभरात त्या घरातली सगळ्यात मोठी मालमत्ता एका बाजूला सरकते.

गरीब-श्रीमंत ही दरी म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईतले टॉवर येतात. पण गावातली दरी मोजायची असेल तर पगाराची पावती नाही, सातबारा बघावा लागतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या कर्ज व गुंतवणूक पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या एकूण मालमत्तेत 69 टक्के वाटा एकट्या जमिनीचा निघाला. त्याच पाहणीनुसार गावातल्या वरच्या 10 टक्के कुटुंबांकडे निम्म्याहून जास्त मालमत्ता आहे, आणि खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून दहा टक्क्यांच्या आसपास.

हे झालं घराघरांतलं अंतर. घरातल्या घरात जे अंतर आहे, ते या आकड्यात येतच नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशात शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायकांचा वाटा 14 टक्क्यांच्या आसपास होता. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, कांदा लागवड कोण करतं हे कुणाला सांगायला नको. काम तिचं आणि उतारा त्याचा, असा हा हिशोब आहे.

जमीन वाटण्याचे आधीचे प्रयत्न

महाराष्ट्रात जमिनीची विषमता कमी करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून सहा वर्षं संप केला. जमीन पडीक ठेवली, हाल काढले, पण मागे हटले नाहीत. कूळ कायद्याची वाट तिथून निघाली. 1948 चा कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. आज पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक घरांच्या जमिनीचं मूळ त्या तारखेत आहे.

त्यानंतर 1961 चा सीलिंगचा कायदा आला. 1975 मध्ये मर्यादा आणखी खाली आणली : बारमाही पाण्याची जमीन 18 एकर, जिरायत 54 एकर. मोठ्या खातेदारांनी पळवाटा काढल्या, नातेवाइकांच्या नावावर जमिनी केल्या, तरी काही जमीन भूमिहीनांपर्यंत पोचली.

पण या सगळ्यात एक गोष्ट सुटली. जमीन एका घरातून दुसऱ्या घरात गेली, पण दुसऱ्या घरात जाऊन ती बहुतेक कर्त्या पुरुषाच्या नावावरच बसली. घराघरांत वाटप झालं, घराच्या आत झालं नाही.

आता सरकार कुणाची जमीन काढून कुणाला देईल हे दिवस संपले. राज्यात 1970-71 साली सरासरी खातं 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 ला ते 1.34 हेक्टरवर आलं. काढून घ्यायला मोठे तुकडे फार उरले नाहीत. म्हणजे गावात जमिनीची मालकी आता मुख्यतः एकाच वाटेने बदलते : वारसाने. आणि वारसाचा कायदा बदललेला आहे.

कायदा काय सांगतो

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसाहक्क मांडला होता. ते बिल रखडलं, आणि 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागे हे एक मोठं कारण होतं. पुढे 1956 मध्ये हिंदू वारसा कायदा झाला. त्यात वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क फक्त मुलालाच राहिला.

महाराष्ट्राने हे 1994 मध्ये बदललं. मुलगीही जन्माने सहहिस्सेदार झाली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मग 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा बदल देशभर लागू झाला आणि ती लग्नाची अट गेली. तरी एक शंका राहिलीच होती : 2005 च्या आधी वडील वारले असतील तर? सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा प्रकरणातल्या निकालात ती मिटवली. हक्क जन्माने आहे, त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही.

अपवाद एक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकुमाने खरी वाटणी झालेली असेल, किंवा जमीन रीतसर विकली गेली असेल, तर ती आता उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी फार पूर्वीच झाली" एवढं म्हणून मात्र सहसा भागत नाही. त्याला भक्कम सरकारी कागदाचा आधार लागतो.

आता हिशोब बघू. समजा सहा एकर जमीन आहे. वडील वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर चार वारस, चार सारखे वाटे : प्रत्येकी एक एकर वीस गुंठे. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी कागदावर वाटणी धरायची. आपल्याकडे अशा वाटणीत आईलाही वाटा असतो. म्हणून वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच वाटे पडतात, आणि मग वडिलांचा पाचवा वाटा उरलेल्या चौघांत जातो. फिरून उत्तर तेच, एक एकर वीस गुंठे. आजी म्हणजे वडिलांची आई हयात असेल तर तीही वारस आहे, तेव्हा हिशोब बदलतो.

गावात मात्र सहा भागिले दोन असाच हिशोब होतो. आई आणि बहीण दोघीही भागाकारातून बाहेर.

वडिलांनी स्वतःच्या कष्टाने घेतलेली जमीन त्यांना मृत्युपत्राने कुणालाही देता येते, एकट्या मुलालाही. वडिलोपार्जित जमिनीत ते फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं चालतं. आणखी एक : हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू आहे. आदिवासी कुटुंबांना तो आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी बघितली जाते. मुस्लिम कुटुंबांत वारसाचे नियम वेगळे आहेत. अशा घरांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे आधी विचारावं. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

'इतर हक्क'मध्ये अडकलेली बहीण

आता मोबाईलवर महाभूलेख उघडा आणि स्वतःचा सातबारा नीट वाचा. डाव्या बाजूला भोगवटादारांची नावं असतात, म्हणजे जमीन ज्यांची ती माणसं. उजवीकडे 'इतर हक्क' असतो. तिथे बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, विहिरीचा हक्क अशा गोष्टी येतात. अनेक जुन्या उताऱ्यांवर बहिणींची नावं याच 'इतर हक्क'मध्ये, कर्जाच्या बोजाशेजारी लिहिलेली सापडतील. बहीण म्हणजे जमिनीवरचा बोजा, असंच जणू लिहिणाऱ्याने धरलं होतं.

दुसरी खूण म्हणजे 'ए.कु.मॅ.' हा शिक्का. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव मॅनेजर म्हणून लागलं आणि बाकीचे त्यात गृहीत धरले गेले. पिढी बदलली की मॅनेजरची मुलं मालक म्हणून लागतात आणि बाकीचे कोर्टात जातात.

ही दोन्ही नावं दुरुस्त करता येतात. 'इतर हक्क'मधलं वारसाचं नाव भोगवटादार सदरी आणण्यासाठी जुना फेरफार जोडून तलाठ्याकडे किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. (तलाठ्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात.)

एक गोष्ट लक्षात ठेवायची. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. पण व्यवहारात नाव नसेल तर काहीच मिळत नाही, हेही तितकंच खरं. पीक कर्ज, गारपिटीचा पंचनामा, पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये, पीक विमा, सगळं उताऱ्यावरच्या नावाला चिकटलेलं. नवरा गेलेल्या बाईला हे सगळ्यात आधी कळतं. शेत ती कसते, पण बँकेत गेली की साहेब विचारतात, सातबारा कुणाच्या नावावर आहे?

रस्त्यात जमीन गेली तर आणखीच मोठा खेळ. समृद्धी महामार्गासारख्या कामात मोबदला हातात येतो तेव्हा एका रात्रीत नाती बदलतात. ज्या जमिनीचा वाटा बहिणीने वीस वर्षं मागितला नव्हता, तिच्या सह्यांसाठी अचानक तीन-तीन फोन येतात. त्या फोनचा अर्थ एवढाच असतो, की तिचा हक्क आहे हे घरातल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं.

वारस नोंद कशी होते

मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. अर्ज तलाठी कार्यालयात द्या किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करा. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून नोंद होतच नाही असं नाही. तलाठी गावात चौकशी करतो, वारस नोंदवहीत (नमुना 6-क) नावं लिहितो, मग फेरफार पडतो. संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

इथेच बहिणीचं नाव गळतं. प्रतिज्ञापत्रात 'आम्ही दोघेच वारस' असं लिहून दिलं जातं. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, पण बहीण दुसऱ्या तालुक्यात असते आणि नोटीस तिच्या हातात पोचतच नाही. म्हणून माहेरच्या गटाचा उतारा वर्षातून एकदा तरी मोबाईलवर काढून बघावा. बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. नाव वगळून फेरफार मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. मुदत टळली तर उशिराचं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज जोडता येतो.

नाव लागणं म्हणजे जमीन तुटणं नाही. बरीच भांडणं याच गैरसमजातून होतात. वारस नोंदीत सगळ्यांची नावं सामाईक लागतात. बांध पडत नाही, विहिरीचा पाळीपाळीचा वापर तसाच चालतो. भाऊ कसत राहू शकतो आणि बहिणीला धान्य किंवा ठरलेली रक्कम देऊ शकतो. प्रत्यक्ष वाटप ही पुढची, वेगळी पायरी आहे. सगळे राजी असतील तर महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे, नसतील तर दिवाणी न्यायालयात.

हक्कसोडपत्र

हा कागद साधा दिसतो म्हणून धोकादायक आहे. हक्कसोडपत्र फक्त सहहिस्सेदाराच्या नावे करता येतं, ते नोंदणीकृतच लागतं आणि ते मोबदल्याशिवाय असतं. एकदा नोंदवलं की "मला माहीत नव्हतं" म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव होता हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.

"वारस नोंदीसाठी सही लागते" असं सांगून हक्कसोड करून घेतल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकायला मिळतात. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. गाडी तिकडे वळली की समजायचं, कागद वेगळा आहे. सहीआधी तो मोठ्याने वाचून घ्यावा, गट नंबर आणि क्षेत्र बघावं. राहत्या घराचा आणि शेतीचा हक्क एकाच कागदात जातोय का, तेही बघावं.

हक्क सोडायचाच असेल तर तो भावाच्याच नावे सोडावा असंही नाही. आई हयात असेल तर आईच्या नावे सोडता येतो. म्हातारपणी आईच्या नावावर जमीन असणं याची किंमत, ज्या घरात ती नाही तिथल्या आयांना विचारावी. आणि भाऊ पैसे देणार असेल तर ते तोंडी ठेवू नयेत. तो हक्कसोड नाही, व्यवहार आहे. रक्कम कागदात लिहावी, पैसे बँकेतून यावेत, मुद्रांक त्याप्रमाणे भरावा.

भावाची बाजू

भावाचंही म्हणणं असतं आणि ते सगळंच खोटं नसतं. आई-वडिलांचा दवाखाना त्याने बघितला, सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, बहिणीच्या लग्नात जमिनीचा तुकडा गहाण पडला होता. दीड एकरात आता दोन घरं जगत नाहीत, तिथे तिसरा वाटा कुठून काढायचा?

यातलं कर्जाचं म्हणणं रास्त आहे. वाटा घेताना त्या वाट्याचं कर्जही घ्यावं लागतं, आणि बहिणींनी ते धरून बोलावं. सेवेचा खर्चही बसून मोजता येतो. पण लग्नाचा खर्च हा वाट्याचा बदला होत नाही. हुंडा 1961 पासून बेकायदा आहे, आणि तो बहिणीला मिळत नाही, तिच्या सासरला मिळतो. लग्न भावाचंही झालेलंच असतं. त्याचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी कापत नाही.

तुकडे पडण्याची भीती खरी आहे. पण दोन भावांत, चार भावांत तुकडे पडतात तेव्हा कुणी मोठ्या भावाला हक्कसोड करायला सांगत नाही. भावाला जमीन एकत्र ठेवायची असेल तर रस्ता कायद्यातच आहे : बहीण वाटा विकायला निघाली तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा पहिला हक्क आहे. हे शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त फुकट नाही, योग्य भावाने.

आणि एक गंमत. ज्या घरात सून "नणंदांच्या सह्या कधी घेताय" म्हणून मागे लागलेली असते, तीच सून माहेरच्या वाट्यासाठी भावाशी अबोला धरून असते. दोन्ही घरांत नाव लागलं तर हिशोब बराचसा जुळतो.

फरक पडतो का?

महाराष्ट्र आणि कर्नाटकात 1994 च्या बदलानंतर काय झालं, यावर जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी तीन पिढ्यांची माहिती तपासली. मुलींना जमीन मिळण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं होतं, मुलींचं शिक्षणही वाढलं होतं. भावांच्या बरोबरीला मात्र त्या आल्या नव्हत्या. केरळात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. ज्या बायकांच्या नावावर जमीनही नाही आणि घरही नाही, त्यांच्यातल्या 49 टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये ते प्रमाण 7 टक्के होतं.

आपल्याकडे हे गावाने मिळून केल्याचाही इतिहास आहे. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला भरलं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : ज्या गावात शंभर कुटुंबं बायकोच्या नावावर जमीन करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढे होतं. सरकारनेही 1992 मध्ये लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्याने अर्ज केला की त्याच्या खात्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. यात पूर्ण मालकी हस्तांतर होत नाही, त्यासाठी बक्षीसपत्र वेगळं करावं लागतं. तरी नाव लागतं, आणि नवऱ्यामागे दारोदार फिरणं बरंच वाचतं. ही योजना आजही आहे. अर्ज करणारे नवरे कमी आहेत.

ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांना या सगळ्याचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच. गावातल्या भूमिहीन घरांसाठी वारसाचा कायदा काही देत नाही, कारण वाटायला काही नसतं. त्यांच्याकडे बहुतेकदा एकच मालमत्ता असते, घर. पंतप्रधान आवास योजनेचं घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करण्याचा नियम आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर ते तसं लागलंय का, हे ग्रामसेवकाकडे जाऊन बघावं लागतं. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन जिथे मालमत्ता पत्रक मिळतंय, तिथे चौकशीच्या वेळीच दोघांची नावं सांगावीत. पत्रक छापून आल्यावर दुरुस्तीला पुन्हा भूमी अभिलेख कार्यालयाचे खेटे पडतात.